दुसऱ्याच्या हातची धार

न्यू टाउन, कोलकाता
३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही आईला विचारता, म्हणून पत्र. तुमच्या नातवाच्या, अथर्वच्या मुंजीचा पाट मी स्वतः करतेय. हसू नका. नवी पटाशी घेतली आणि धारेसाठी सगळ्यांत बारीक, आठ हजार नंबरचा दगड मागवला. दोन दिवस घासतेय. पातं लखलखतं, पण सागवान कापायचं सोडून चुरगाळतं. दगड वाईट निघाला का?

खरं तर पाट तुम्हीच केला असता. पण हल्ली लाकूड चांगलं येत नाही म्हणता, आणि तुमची हत्यारं माळ्यावर!

माया आहेच, थोडी शिकवणीही द्या.
देवयानी

मिरज
११ डिसेंबर

चि. सौ. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

दगड चांगला आहे, घाई वाईट. तू न धुतलेल्या कपड्याला इस्त्री करते आहेस. आधी एक हजार नंबरचा दगड घे. पटाशीची उतरती बाजू एकाच कोनात धरून घास, मागच्या सपाट बाजूला दुमडलेल्या कडेची करकर बोटाला लागेपर्यंत. मग सपाट बाजू पूर्ण टेकवून ती करकर काढ. तुझा बारीक दगड त्यानंतर. हातावरची लव निघाली की धार आली.

माझ्या पटाश्या मात्र मागू नकोस. दुसऱ्याने लावलेल्या धारेवर मी चाळीस वर्षांत काम केलेलं नाही. आईचा गुडघा बरा आहे.

बाबा

न्यू टाउन
२२ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

सियालदहच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दगडावर फूटपट्टी उभी धरून खालून उजेड येतो का ते बघायला शिकवलं. दोन दगड सपाट नव्हते म्हणून नाकारले, तिसरा घेतला. लव निघाली! ऑफिसात सगळे विचारतात, हाताला काय झालं.

आता रागावू नका. मी आईला खोदून खोदून विचारलं. लाकडाचं नुसतं निमित्त होतं. तुमचा हात थरथरतो. मला फार वाईट वाटलं, आणि लपवलंत म्हणून रागही आला. तुमची एक पटाशी पाठवा. धार मी लावते.

रागावलात तरी पत्र लिहा.
देवयानी

मिरज
५ जानेवारी २०२५

चि. सौ. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस तुझ्या आईशी बोललो नाही. पाचव्या दिवशी माळ्यावरून पेटी काढली.

कोन धरणं आता जमत नाही, हे खरं. ठोकणं अजून जमतं. सोबत पाऊण इंची पटाशी पाठवतोय. तिची धार उजवीकडे कलली आहे, ती माझ्याच हाताने. एक हजारावर घासून सरळ कर, संकोच नको. फळी तू कर, पाटाचे पाय मी करतो. लवकर परत पाठव.

आणि धार तुझ्या हातावर बघू नकोस. ती मी इथे माझ्या हातावर बघेन.

तुझा,
बाबा