बाबांचा जोहार

९ जानेवारी १९७५

बदली झाली! मलाजखंडजवळच्या शाळेवर. अर्ज करकरून थकले होते, आणि आता हुकूम हातात आला तर तोच पुन्हा पुन्हा वाचत बसले. होळीआधी रुजू व्हायचं आहे. भोजराज तिथे तांब्याच्या खाणीच्या कॅम्पात, मी इथे बालाघाटला. लग्न झाल्यापासून आमचा संसार म्हणजे शनिवारची येणारी बस आणि रविवारची जाणारी बस. आता एका छपराखाली राहता येईल. खूप आनंद झाला— मग बाबांकडे नजर गेली.

१२ जानेवारी

लकवा मारल्यापासून बाबांचा डावा पाय ओढला जातो. उठवावं लागतं, धरून न्यावं लागतं. इथे मी शाळेत असते तेव्हा शेजारच्या जिजाबाई बसतात त्यांच्याजवळ. तिथे कोण बसणार? कॅम्पातली खोली एवढीशी, दवाखाना लांब, पावसाळ्यात रस्ता बंद. शिवाय मधूनमधून विसरतात. काल मला दोनदा ‘गोदे’ म्हणाले. आई जाऊन सहा वर्षं झाली. मीही ओ दिली. काय करणार!

१९ जानेवारी

भोजराज आला होता. चहा पिता पिता म्हणाला, लालबर्र्याच्या रस्त्यावर धर्मशाळेला लागून म्हाताऱ्यांसाठी खोल्या आहेत, जेवणखाण होतं, एक माणूस असतो बघायला. मी भडकले. म्हटलं, माझा बाप काय जुन्या सायकलचं चाक आहे, नेऊन टाकायला? तो म्हणाला, “तुले दुसरं काही सुचत असंन तं सांग.”

सुचत नाही, हेच तर दुखणं.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. झोपले होते बहुतेक.

२७ जानेवारी

गेलो होतो लालबर्र्याच्या रस्त्यावर. बाबांना रिक्षात घालून नेलं. म्हटलं, त्यांनीही बघावं, त्यांनाच राहायचं आहे.

जागा बरी. अंगण सारवलेलं, खाटा स्वच्छ, तुळशीपाशी दोन म्हातारे ऊन खात बसलेले. धर्मशाळेचे मुनीमजी गोड बोलत होते. “एक खटिया खाली है बहनजी, आज ही ले आइए.” माझ्या छातीवरचा दगड उतरला. मग त्यांनी गाव विचारलं. हट्ट्याकडचं, म्हटलं. वडील काय करायचे? गावकी करणारे कोतवाल होते, नंतर इथे राइस मिलमध्ये हमाली. मुनीमजींची लेखणी थांबली. “कोतवाल? कौन जात?”

मी म्हटलं, बौद्ध.

त्यांनी आत जाऊन कुणाशी तरी बोलल्यासारखं केलं आणि बाहेर आले. ती खाट कुणाला तरी आधीच कबूल केली होती म्हणे. ध्यानातच नव्हतं त्यांच्या. बाबा शेजारच्या बाकावर बसून सगळं ऐकत होते. परतताना रिक्षात मीच बोलत होते. मुनीमजींना दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, मास्तरणीला तर मुळीच शोभणार नाहीत.

२८ जानेवारी

दिवसभर डोकं दुखलं. पोरांवर उगीच खेकसले.

२ फेब्रुवारी

साधनाबाईंचं नाव जिजाबाईंनी सुचवलं. पूर्वी नर्स होत्या, आता घरातच चार-पाच म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. एकटीच जाऊन आले. जुनं कौलारू घर, मागे पेरूची झाडं. एक तुळसाबाई म्हणून आहेत, ऐकू येत नाही, सारख्या हसतात. एक चैतराम पटेल, टोपी घालून खाटेवर बसलेले, बोलताना आवाज अजून मालगुजारीचा, गावाच्या मालकाचा. साधनाबाईंनी बाबांचा पाय, औषध, झोप, सगळं विचारलं. जात नाही विचारली. मीच सांगून टाकलं, नंतर नको भानगड. त्या म्हणाल्या, “बाई, मी जन्मभर लोकाइचे बेडपॅन उचलले. मले काय सांगून राह्यली तू? आन त्याइले.”

घरी येताना किती दिवसांनी नीट श्वास घेतला.

५ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

बाबांना साधनाबाईंकडे दाखवायला नेलं. मी आणि रिक्षावाल्याने धरून उतरवलं. साधनाबाई दारात, “या बाबाजी, आत या.” ओसरीवर पटेल बसलेले. त्यांना बघताच बाबांनी माझा हात सोडला. भिंत धरली, कमरेत वाकले आणि— “जोहार मायबाप!”

माझे बाबा. जोहार.

पटेल क्षणभर गोंधळले. मग सवयीनेच हात वर केला. “हौ, हौ. बस.” आणि बाबा खाली बसले. खुर्ची होती, खाट होती. दाराबाहेर चपला काढतात तिथे बसले. साधनाबाईंनी पेल्यात पाणी आणलं तर पेला धरेनात. ओंजळ पुढे केली. “वरून टाका, बाई.”

मी ओरडले, बाबा, हे काय करताय? माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओंजळीने पाणी प्याले, अर्धं अंगावर सांडलं.

साधनाबाईंनी मला मागे पेरूखाली नेलं. म्हणाल्या, “म्हातारपनी असंच होते, पुष्पलता. अलीकडचं पुसून जाते, जुनं राह्यते. त्याइच्यावर राग नको करू.”

अलीकडचं म्हणजे काय, ते यांना कसं सांगू?

मी चौथीत होते. छप्पनचा दसरा. बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, पांढऱ्या कपड्यांत. भिंतीवरचे देव उतरवले. दुसऱ्या दिवशी आमच्या गावचे पटेल, हे चैतराम नव्हेत, रस्त्याने निघाले, तर बाजूला सरून वाकायचं सोडून बाबा ताठ उभे राहिले. जोहार नाही. संध्याकाळी चौघे आले. त्यानंतर बाबा कितीतरी दिवस पालथे झोपायचे, आई पाठीला हळद लावायची, आणि ते उशीत तोंड खुपसून मला म्हणायचे, “तू नको भिऊ पुष्पे, तुले आता कोनालेच वाका नाही लागनार.” त्यापायी गाव सुटलं, कोतवाली सुटली, पोती उचलून उचलून खांदा गेला. पण मान वाकली नाही. शाळेत माझं नाव घालतानासुद्धा मास्तरांसमोर खुर्चीवर बसले होते, मागून घेऊन.

तेच पुसलं गेलं. दुसरं काहीही जायचं होतं! माझं नाव जायचं होतं.

६ फेब्रुवारी

घरी मात्र पेल्यातून पाणी पितात. खाटेवरच बसून जेवले. मी विचारलं, बाबा, काल असे का वागलात? “काय केलं मी?” म्हणाले आणि भाकरी कुस्करत राहिले. घरात आठवतं आणि बाहेर विसरतात? साधनाबाई म्हणतात, असंही होतं.

१० फेब्रुवारी

ठरवलं. तिथे ठेवायचं नाही. नोकरी गेली तरी चालेल.

१६ फेब्रुवारी

भोजराज आला, आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. राजीनामा देते म्हटल्यावर तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. “तुह्या बापानं पोती वाहून शिकवलं तुले. अन् तू चुलीपुढं बसतो म्हनते? त्यालेच इचार, चालते का त्याले.” मी म्हटलं, त्याला विचारायचं काय, तो तिथे चपलांत बसतो! मी रडले, मग भात करपला, मग दोघांनी तोच खाल्ला.

खाटेवरून बाबांचा आवाज आला. “पुष्पे, मले त्या नर्सबाईकडंच ठेव. तिथं बरं वाटते मले.”

बरं वाटतं म्हणे. जोहार करायला बरं वाटतं! त्या क्षणी मला बाबांचा असा राग आला की तिथे उभं राहवेना. बाहेर जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच.

२ मार्च

शेवटी बाबांच्याच म्हणण्याप्रमाणे त्यांना साधनाबाईंकडे पोचवून आले.

बाबांचा धोतरजोडा, घोंगडी, तेलाची बाटली, सगळं साधनाबाईंच्या हवाली केलं. खाट खिडकीपाशी आहे, पेरू दिसतो. बाबा खाटेकडे गेलेच नाहीत. पटेलांना वाकून जोहार केला आणि दाराशी बसले. पटेल खूष. किती वर्षांनी कुणी तरी तो शब्द उच्चारला असेल त्यांच्यापुढे. तुळसाबाई हसत होत्या. साधनाबाई पटेलांवर रागावल्या, बाबांना उठवायला गेल्या, तर बाबांनी हात जोडले. “राहू द्या, बाई. इथंच ठीक हाय.”

मी पाया पडले नाही. नेहमी पडते. आज त्यांच्यापुढे वाकायचं मन होईना. वाकण्याचाच वीट आला होता. “येते” एवढंच म्हटलं. बाबा म्हणाले, “हौ. भोजराजले सांभाळ.” नाव बरोबर घेतलं त्याचं.

गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि मागे वळून पाहिलं नाही. रिक्षात बसल्यावर इतकं रडू आलं की रिक्षावाल्याने विचारलं, “माहेर सुटलं का, बाई?” हौ म्हटलं. खोटं कुठे होतं?

९ मार्च

मलाजखंड. खोलीत दोन खिडक्या. भोजराजने स्वतः चुना लावला आहे, अर्धा स्वतःच्या केसांना. शाळा कॅम्पाजवळच, पोरं गोड, मराठी कुणालाच येत नाही. आजूबाजूला सगळं लाल, मातीचं आणि धुळीचं. संध्याकाळी दोघं एकाच ताटात जेवलो. सुख म्हणतात ते हेच असावं. घशाखाली उतरत नाही एवढंच.

२३ मार्च

बाबांना भेटून आत्ताच आले. पटेल आत झोपले होते, साधनाबाई बाजारात. बाबांना उचलून खाटेवर बसवलं, तर बसले निमूट. पेला दिला, तर घटाघटा प्याले. मग माझं मनगट धरून हळूच म्हणाले, “पुष्पे, मी काही इसरलो नाही वं. त्या मुनीमानं जात इचारली अन् जागा भरली. इथंबी तसंच झालं असतं तं तू नौकरी सोडून माह्यापाशी बसली असती. मंग म्हटलं, आपनच पैले वाकून घ्यावं, तं ठेवतीन. तू कोनाले सांगू नको.”