चौदाव्या ट्रेवर अडकलेले दात

प्रति,
मा. सदस्य-सचिव,
नीतिशास्त्र समिती,
पूर्व वैनगंगा दंतविज्ञान महाविद्यालय व संशोधन केंद्र (महाराष्ट्र).

विषय : प्रौढांचे दात पारदर्शक ट्रेने सरळ करण्याच्या अभ्यासातून वगळलेल्या सहभागी क्र. ३७ यांचे दात पुढे नेण्याबाबत. ते शक्य नसल्यास मागे नेण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ३ नोव्हेंबर २०२५ (हाती पडले दि. २१ रोजी).

महोदय,

१. अर्जदार सौ. पुष्पलता भोजराज लांजेवार, वय ४१, व्यवसाय शिवणकाम, राहणार खैरलांजी, जिल्हा बालाघाट (मध्य प्रदेश), यांचे सविनय निवेदन खालीलप्रमाणे. अर्ज त्यांनी सांगितला व त्यांचे चुलत सासरे गुणाकर लांजेवार यांनी लिहिला आहे. गुणाकर यांनी बालाघाटच्या कचेरीत चौतीस वर्षे हिंदीतच टिपणे लिहिली. पण आपले संमतीपत्र मराठीत होते, म्हणून अर्जही मराठीत. लिहिण्यात काही चुकले असल्यास तो दोष लिहिणाऱ्याचा समजावा, अर्जदाराचा नव्हे.

२. अर्जदाराचे वरचे दात लहानपणापासून ओठाबाहेर होते. लग्नात फोटोवाल्याने दर फोटोला ‘तोंड मिटा’ म्हणून बजावले, त्यामुळे अल्बमभर नवरी रुसलेली दिसते. पुढे तोंडावर पदर धरून हसायची सवय लागली. तरीही त्या दातांची कधी तक्रार नव्हती. चणेफुटाणे खाता येत, आणि ब्लाऊज शिवताना दोरा तर त्या दातांनीच तुटे. कात्री फक्त कापडाला लागायची.

३. आपल्या डॉक्टरांचे शिबिर गावात आले तेव्हा अर्जदाराची धाकटी जाऊ समीक्षा हिनेच आग्रह धरला, की दोघी मिळून नाव देऊ. दोघींची निवड झाली. संगणकाने चिठ्ठी काढली. समीक्षा दर सात दिवसांनी ट्रे बदलणाऱ्या गटात गेली, अर्जदार चौदा दिवसांच्या गटात. कोणत्या गटाचे दात बरे सरकतात हे पाहायचे होते. प्रत्येकीच्या दातांवर चढवायचे सव्वीस ट्रे तयार झाले, प्रत्येक ट्रे आधीच्यापेक्षा दात थोडे अधिक आत नेणारा. त्यांतले पहिले चौदा घरी मिळाले, उरलेले केंद्रावरच्या कपाटात राहिले.

४. येथे घरची रीत सांगणे भाग आहे. सासूबाई चंपाबाई यांनी दोन सुनांमध्ये आजवर भेद केलेला नाही. एकीला लुगडे तर दुसरीलाही लुगडे, तेही एकाच दिवशी. त्यांनी ट्रे बदलण्याच्या दिवसांचे दोघींचे कागद ऐकून घेतले आणि विचारले, “लहानीले दर आठवड्याले नवं, अन् मोठीले पंधरवड्यानं? काहून बा? मोठीनं का घोडं मारलं?” अभ्यास म्हणजे काय, हे समीक्षाने दोनदा समजावले. त्यावर निकाल असा झाला : “दोघीबी दहा-दहा दिवसानं बदला. कोनाचंच मन दुखनार नाही.” त्या घरात चंपाबाईंच्या निकालावर अपील नाही. दहाव्या दिवशी दोघी जावा मोरीपाशी शेजारी उभ्या राहून ट्रे बदलत, आणि त्या दिवशी त्यांना फार मजा वाटे, असे अर्जदार सांगतात.

५. दि. ११ जून रोजी केंद्रावर तपासणी झाली. डॉ. श्रिया मॅडमनी यंत्राने दात पाहिले आणि ‘अपेक्षेपेक्षा छान’ म्हणाल्या. मग त्यांनी ट्रे बदलल्याची नोंद ठेवायला दिलेली रोजची वही उघडली. वहीत अर्जदाराने दहा दिवसांच्या खऱ्या तारखा लिहिल्या होत्या. मॅडमचा चेहरा पडला. त्या हळूच म्हणाल्या, “ताई, हे लिहिलं नसतंत तर बरं झालं असतं.” अर्जदार म्हणाल्या, “तुमीच तं म्हनलं होतं, खरं खरं लिहा म्हनून.” त्याच दिवशी त्यांचे नाव कमी झाले.

६. समीक्षानेही वहीत खरेच लिहिले होते. परंतु नियमावलीनुसार ट्रे तीन दिवस उशिरा बदलला तर चालतो, एक दिवस लवकर बदललेला चालत नाही. सातचे दहा म्हणजे विलंब, आणि विलंब माफ. चौदाचे दहा म्हणजे नियमभंग. एकाच मोरीवर, एकाच दिवशी, एकाच सासूच्या हुकमाने केलेल्या कामाचे असे दोन निकाल चौतीस वर्षांच्या नोकरीत गुणाकर यांच्याही पाहण्यात आले नाहीत. समीक्षाचे सव्वीस ट्रे ऑक्टोबरात पूर्ण झाले, तिचे दात सुरेख जुळले. अर्जदाराला तिचा आनंद आहे. वाईटही वाटते, आणि वाईट वाटते याची लाज वाटते.

७. अर्जदाराचे दात आज जुन्याही जागी नाहीत आणि नव्याही नाहीत. तोंड मिटले तर फक्त मागच्या दोन दाढा टेकतात, पुढे फट राहते. दोरा तुटत नाही, दातांमधून नुसता सरकतो. जेवणात गुरगुट्या भात आणि वरण, तोही समीक्षा कालवून देते. बालाघाटच्या दोन दवाखान्यांनी दुसऱ्याने अर्धे सोडलेल्या कामाला हात लावायला नकार दिला. त्यांनी दातांचा आराखडा मागितला, तर केंद्राने तो गोपनीय असल्याचे कळवले. अर्जदाराच्या दातांचा आराखडा अर्जदारापासून गोपनीय आहे.

८. आपल्या पत्रात म्हटले आहे, की पंधरा दिवसांत हरकत न आल्यास उरलेले बारा ट्रे नष्ट करण्यात येतील. पत्र अठरा दिवसांनी पोचले. म्हणजे ट्रे बहुधा आता नाहीत. ते जगात दुसऱ्या कुणाच्याही तोंडात बसले नसते, तरी नियमाने नष्ट झाले असतील. तरीसुद्धा, चुकून कपाटात राहिले असल्यास द्यावेत, अशी विनंती रीत म्हणून करीत आहोत.

९. ते नसल्यास अर्जदाराची दुसरी विनंती आहे. आपल्या संशोधनाने दात हवे तिकडे नेता येतात हे सिद्ध झाले आहे. पहिल्या दिवशीचे माप आपल्याकडे आहेच. त्या मापावरून त्यांचे दात पूर्वी होते तसेच वाकडे, ओठाबाहेर करून द्यावेत. ही विनंती लिहिताना गुणाकर यांनी ‘असे कुणी मागत नसते’ म्हणून लेखणी थांबवली होती. अर्जदार म्हणाल्या, “लिहा काकाजी. मले सुंदर नाही दिसाचं आता. मले जेवाचं हाये.” म्हणून लिहिले.

१०. वापरातला चौदावा ट्रे परत केल्याशिवाय प्रकरण बंद होणार नाही, असेही आपण कळवले आहे. तो काढून ठेवला तर दात कुठे जातील हे कुणीच सांगत नाही. सबब प्रकरण बंद करू नये.

आपल्या उत्तराच्या आशेवर नव्हे, पण वाटेवर,

सौ. पुष्पलता भोजराज लांजेवार (सहभागी क्र. ३७, वगळलेली)
लिहिणार : गुणाकर लांजेवार
खैरलांजी, दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
(१) संमतीपत्राची प्रत.
(२) रोजच्या वहीची प्रत, खऱ्या तारखांसह.
(३) आपल्या पत्राचे पाकीट, टपालाच्या शिक्क्यासह.
(४) चौदावा ट्रे सोबत जोडलेला नाही. त्याला दोन ठिकाणी चीर गेली आहे. तो अर्जदाराच्या तोंडात आहे.