तारेचे काटे, पट्ट्याचे काटे

मुर्री, गोंदिया
१३ एप्रिल २०२५

चि. खुशी,

बाबाचे पुष्कळ आशीर्वाद. तू तिकडे मनालीला गिर्यारोहणाच्या शिबिरात बर्फात गारठत असशील, इकडे ऊन नुसतं भाजून काढतंय. उन्हाळी धान पोटरीत आलं आहे. गाय बरी आहे. मीही बरा आहे, एक गुडघा सोडला तर. त्याची कुरकुर तुझ्या आईच्या वेळेपासूनच आहे.

शेजारच्या शामकला काकूने तुझा निरोप दिला. तू फोन तिला केलास, मला नाही. मला केला असतास तर मी आधी अर्धा तास नको म्हणालो असतो आणि मग काटे शोधायला उठलो असतो. क्रॅम्पॉन म्हणायचं, माहीत आहे. माझ्यासाठी ते बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे काटेच.

निरोप मला नीट कळला. तुझ्या बुटांना टाचेला खाच आहे, पुढे नाही. म्हणून घरी ठेवलेल्या दोन जोड्यांपैकी पुढे प्लास्टिकचा पट्टा असलेले काटे पाठवायचे, तुझ्या मैत्रिणीने दिलेले तारेचे नाहीत. पुढच्या आठवड्यात तुकडी वर निघायच्या आत ते पोचले नाहीत, तर तुला खालीच ठेवतील.

हे 'खालीच ठेवतील' डोक्यात बसलं.

दिवसा ठीक असतं गं. मोटर सुरू असते, तिचा आवाज असतो. वीज गेली की घर असं गप्प होतं की मी उगाच गायीशी भांडत बसतो. आई गेली तेव्हा निदान तू होतीस. आता जेवताना ताट वाजलं तरी दचकायला होतं.

तर सांगतो. खोक्यात मी तारेचे काटे भरले. मुद्दाम.

माझा हिशेब शेतकऱ्याचा होता. चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावतो ना, दुसऱ्या ट्रॅक्टरची चाकं आपल्याला बसतच नाहीत. भोकं जुळत नाहीत, ट्रॅक्टर अंगणात उभा राहतो, संपलं. तसंच होईल वाटलं. काटे बसणार नाहीत, पोरगी थोडी रागावेल आणि घरी येईल.

खोकं बंद करण्याआधी खात्री करावी म्हणून तुझे जुने बूट काढले, ते तुझ्या आताच्या बुटांच्याच बनावटीचे. तारेचे काटे लावून पाहिले, तर बसले की! तार पुढच्या कडेवर टेकली, मागचा खटका लागला. उलटं धरून हलवलं तरी पडले नाहीत.

म्हणून बूट घेऊन बांधावर गेलो. पाय काही आत जाईना, म्हणून हात घातला आणि बांधाच्या उतारावर एकेक पाऊल टाकल्यासारखं दाबत वर नेलं. भैय्यालाल पलीकडच्या शेतातून ओरडला, "काऊन गा टेकचंद, पोरीचा जोडा चिखलात कायले रोवून राहिला?"

"पाहून राहिलो," म्हटलं.

चार-पाच पावलं छान गेली. मग मी सगळा भार टाकला, तळवा जरासा वाकला आणि तार सटकली. काटे बांधातच राहिले, बूट निघून आला आणि मी तोंडावर धानात. भैय्यालाल पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. बूट माझ्या हातात होता आणि त्यात तुझा पाय दिसत होता.

ट्रॅक्टर अंगणातच उभा राहतो. तू उभी राहिली नसतीस. बसतात असं पाहून तू निघाली असतीस, आणि ते वर कुठेतरी, उतारावर सुटले असते.

तिथेच चिखलात बसून रडलो. भैय्यालालला वाटलं, लागलं. तो धावत आला, मला उठवून घरी घेऊन आला, चहा करून दिला. काय झालं ते त्याला सांगितलं नाही. तुला सांगतोय.

आता खोक्यात पट्ट्याचे काटे आहेत. तुझ्या जुन्या बुटांवर लावून, लांबी जुळवून, त्याच बांधावर सगळा भार टाकून पाहिले. हलले नाहीत. टोकांना कापड गुंडाळलं आहे, हात जपून घाल.

तू ये असं मला वाटतं. रोज वाटतं. ते काही मी लपवत नाही.

पण काटे बांधताना माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तुझ्या मास्तरांना दाखव, स्वतः दोनदा तपास. हे खोकं अशा माणसाने भरलं आहे, ज्याला तू घरी हवी आहेस.

तुझा,
बाबा