घर खांद्यावरून गेलं

रंगून, ७ मार्च १९२६

तीर्थरूप माय,
मगनचा इथूनच तुझ्या पायांवर माथा.

मी सुखरूप आहे. घर घेतल्याचं लिहिलं होतं ना? काल एक माणूस दारात येऊन म्हणाला, "घर तुझं, जमीन माझी. घर उचल!"

माय, इथे घर वेगळं विकतात, जमीन वेगळी! आपल्याकडे घर घेताना खालची जमीन कुणाची, हे कोण विचारील? वीस ब्रह्मदेशी शेजाऱ्यांनी हसत हसत माझं बांबूचं घर खांद्यावर घेतलं. मी नुसता मागे चालत राहिलो.

नदीकाठी भाड्याची जागा मिळाली. छप्पर शाबूत आहे. तुझ्या सुनेला वैशाखात इकडे पाठवणार होतीस, जरा थांब. तुझे गुडघे कसे आहेत?

जुन्या जागी पायरीखाली तू दिलेली आपल्या सावद्याची माती पुरली होती. ती तिथेच राहिली. सुनेजवळ पुन्हा मूठभर दे. आता परक्या जमिनीत पुरणार नाही, डब्यात ठेवीन.

तुझा मगन