दातांचं सुट्टीत बघू

गुरु., ५ फेब्रु. १९९८
अवि आजही फुजैराच्या नोकरीवरून घरी आला नाही. टर्मिनलवर जहाज लागतंय म्हणे. पूर्वी जहाज असलं तरी गुरुवारी उशिरा का होईना इकडे करामाच्या घरी यायचा, शुक्रवारी परत पळायचा. सुरमई आणली होती. लेकीने, मुक्ताने, आणि मी खाल्ली.
आला तरी काय. लांब बसतो. भिंतीकडे तोंड करून झोपतो. नवऱ्याची घराची सवय मोडत चालली आहे, अशी भीती वाटते. इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलणार.
आणि त्याच्या तोंडाला वास येतो. बरेच महिने झाले. तो जवळ आला की मी तोंड फिरवते. बोलत कोणीच नाही. दोघंही सभ्य.

मंगळ., १० फेब्रु.
ब्रश करताना रक्त येतं, म्हणून शेवटी मागच्या गल्लीतल्या डेंटिस्टकडे. डॉ. सुजा, केरळच्या. मागचं क्लीनिंग कधी झालं, विचारलं. म्हटलं, इंडियाला जातो तेव्हा. हसल्या. इथे आखातात सगळ्यांचं हेच उत्तर असणार. ऑफिसच्या मेडिकल कार्डात दात बसत नाहीत, म्हणून दात, चष्मा, रक्त-लघवी, सगळं जुलैच्या सुट्टीसाठी साठवायचं. तिथे पोचलं की नातेवाईक आणि बँकेची कामं. परतायच्या आदल्या दिवशी नंदूकडे, ठाण्याला. अविचा शाळेतला मित्र. चहा पाजतो, गप्पा मारत समोरचे दात चकचकीत करतो. पैसे घेत नाही, त्यामुळे आतलेही बघ असं म्हणायचा संकोच वाटतो.
जिथून रक्त येतं तिथे मी ब्रशच लावत नव्हते. डॉ. म्हणाल्या, "खून ब्रश से नहीं आता. जहाँ ब्रश नहीं पहुँचता, वहीं से आता है."
मशीनची किणकिण, गार पाणी, तोंड खारट. दातांमागचा घट्ट थर खपल्या-खपल्यांनी निघाला. जिभेला फटी नव्याने लागत होत्या. मी उठत असताना त्यांनी सांगितलं, हिरड्यांचा आजार बहुतेकदा दुखत नाही, म्हणून लोक येत नाहीत. रक्त, मग वास, मग दात हलायला लागतात.
वास म्हटल्यावर मी परत खुर्चीत बसले. नवऱ्याबद्दल विचारलं. घेऊन या, म्हणाल्या.

शुक्र., १३ फेब्रु.
आला. तोंडात सतत वेलदोडा. पोळी एकाच बाजूने चावतो, हे आज पाहिलं. म्हटलं, डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनाच बोलावलंय. म्हणाला, जुलैत जातोच आहोत, नंदू बघेल. खरं कारण ओठांवर आलं होतं. मुक्ता समोर होती म्हणून गिळलं, असं स्वतःला सांगितलं. मुक्ता माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मा, युअर टीथ लुक सो क्लीन." अवि टीव्ही लावायला उठला. संध्याकाळी लवकरच निघाला.

बुध., १८ फेब्रु.
फोनवर सांगितलं. तो फुजैरात, मी इथे, तोंड बघायचं नव्हतं म्हणून जमलं.
"अवि, तुझ्या तोंडाला वास येतो. म्हणून मी तोंड फिरवते. दुसरं काही नाही."
तो म्हणाला, "मला वाटलं, तुला मीच नकोसा झालोय."
मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली. ठेवतो म्हणाला. वरण करपलं.

गुरु., २६ फेब्रु.
फुजैराहून थेट दवाखान्यात आला. चिडलेला नाही.
डॉ. सुजा बारीक सळईने एकेका दाताभोवती हिरडी किती खोल सुटलीय ते मोजत होत्या, नर्स आकडे लिहीत होती. आकडे मोठे होत गेले तशी अविची मूठ घट्ट. एक्स-रेत हाड खाली गेलेलं. खालचे समोरचे दोन हलतात. हिरडीखालून सफाई करावी लागेल, इंजेक्शन देऊन, आज एक बाजू, पुढे दुसरी. अविने विचारलं, साफ केल्याने दात जास्त हलणार नाहीत ना? हे आमच्या सासूबाईंचं ठाम मत. डॉ. म्हणाल्या, त्या थरानेच हाड खाल्लंय. मग त्याने विचारलं, जुलैपर्यंत थांबलं तर?
"जो गया वो वापस नहीं आएगा. जो है, उसको अभी सँभालना पड़ेगा."
अवि म्हणाला, "यल्ला, चलो, कीजिए." मी बाहेर मासिक उघडून बसले. पान उलटलं नाही.

गुरु., १२ मार्च
दुसरी बाजूही झाली. ओठ बधिर, चहा शर्टावर. मुक्ता हसली, तोही हसला, वाकडा. हल्ली बेसिनपाशी बराच वेळ असतो, दातांच्या फटीत घालायचा इवलासा ब्रश घेऊन.
पण झोपताना तोंड अजून भिंतीकडेच. मला वाटलं होतं, दात साफ झाले की बाकीचंही आपोआप होईल. वाईट वाटलं.

गुरु., २ एप्रिल
तपासणी. रक्त थांबलंय. हलणाऱ्या दोन दातांपैकी एक धरतोय, दुसऱ्याचं सांगता येत नाही. राहील का, अविने विचारलं. "इन्शाल्ला," डॉ. सुजा म्हणाल्या. दर तीन महिन्यांनी यायचं. म्हणजे पुढची वेळ नेमकी जुलैत. अवि म्हणाला, तिकिटं पुढे ढकलू. बघू.
संध्याकाळी मुक्ता क्लासला गेली. अवि सोफ्यावर माझ्याजवळ येऊन बसला.
"बघ. येतो अजून?"
जवळ गेले. येत होता, पण पूर्वीइतका नाही. नाही म्हणणं सोपं होतं. म्हटलं, "थोडा."
"बरं," म्हणाला. उठून गेला नाही. मीही सरकले नाही.