शब्बाथ पाळणारा फोन आणि दहावा माणूस

नवी पेठ, सोलापूर

चि. हनोक यास,

मिल्काताईचा शालोम आणि अनेक आशीर्वाद. आम्ही इथे खुशाल आहोत (आम्ही म्हणजे मी आणि माझा गुडघा). तिकडे इस्रायलात, अश्दोदला थंडी कशी आहे? रिवकाची पाठदुखी थांबली का? शेंगाचटणी पोचली असेल तर कळव, आणि ती पावावर जॅमसारखी फासू नकोस.

शेजारच्या बिलालच्या फोनवर आलेला तुझा निरोप वाचला. 'ताई, आईचं वर्षश्राद्ध छान पार पडलं, मला तर तिथेच असल्यासारखं वाटलं.' या निरोपाचं उत्तर कागदावर देते, कारण कागद मधेच बंद पडत नाही.

आधी तुझ्या फोनविषयी. तू पाठवलास तो रब्बींच्या, धर्मगुरूंच्या मंडळाचा शिक्का असलेला, कोशेर, म्हणजे धर्माला चालणारा. त्यात कॅमेरा नाही, इंटरनेट नाही, सिनेमे नाहीत. नवी पेठेतल्या दुकानात सिमकार्ड घालायला गेले तर त्या माणसाने उलटसुलट करून बघितला आणि बिघडलेला फोन कितीला घेतलात म्हणून विचारलं. बहात्तराव्या वर्षी मी सिनेमे बघून वाया जाईन ही काळजी तुमच्या रब्बींना का पडावी? वर तो स्वतःच शब्बाथ, आपला शनिवारचा विसावा, पाळतो म्हणे. शुक्रवारी मावळतीला आपोआप कुलूप, शनिवारी मावळतीनंतर आपोआप उघडणार. मी जन्मभर शब्बाथ पाळत आले, मला कुणी कुलूप लावलं नव्हतं.

आणि पाळतो तो तरी कुठला? अश्दोदचा. आपला सूर्य तुमच्या दोन-अडीच तास आधी बुडतो, हे सोलापूरच्या कोंबड्याला कळतं, या शहाण्याला कळत नाही. शुक्रवारी मी दिवे लावून डोळ्यांवर हात धरले की हा खुशाल वाजतो. शनिवारी आकाशात तीन तारे दिसून माझा शब्बाथ सुटला तरी हा तोंडावर मेणबत्तीचं चित्र लावून सोवळ्यात बसलेला.

आता त्या शनिवारचं ऐक. दुसऱ्या दिवशी आईची तिथी. गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कद्दीश, म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात, ते मी पुण्याहून जमवले होते. प्रार्थना सांगणाऱ्या हजानसाहेबांशी ठरलं होतं, की तारे दिसल्यावर मी फोन करून पक्कं सांगायचं, मग सगळे पहाटेची गाडी धरणार. तारे दिसले. फोन मेणबत्ती दाखवत राहिला. नंबर सगळे त्याच्याच पोटात, कारण 'ताई, ती जुनी डायरी फेक आता' हे तुझंच सांगणं (आणि मी मूर्ख, फेकली). आता उघडेल, मग उघडेल म्हणत मी तासभर त्याच्यासमोर बसले. देवासमोर एवढा वेळ बसले नसेन.

शेवटी शेजारी चांदसाबकडे गेले. तुला आठवतंय ना, शनिवारी आपल्याकडे कुणी फोन उचलायचं नाही, म्हणून सगळे निरोप त्यांच्याकडे यायचे. त्यांच्या बायकोने, अजीजाने, हजानसाहेबांचा नंबर उर्दू कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेला होता. चाळीस वर्षं शिक्क्याशिवाय चाललेला कोशेर फोन तो हाच. पण तोवर उशीर झाला होता. पुण्याचे एक वृद्ध गृहस्थ, आता काही होत नाही असं समजून, मुंबईला मुलाकडे निघून गेले होते.

रविवारी नऊ जण आले. बिलालने त्याच्या फोनवर तुला पडद्यावर आणलं आणि आईच्या खुर्चीवर उभं केलं. हजानसाहेब म्हणाले, पडद्यावरचा माणूस ऐकू शकतो, दहावा होऊ शकत नाही. तेवढ्यात दारातून चांदसाब म्हणाले, "मी हाय की दहावा. आईच्या हातचं लई खाल्लंय मी." हजानसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि नाही म्हणाले. मी तर थोरली मुलगी, शेवटची नऊ वर्षं तिला भरवलं, न्हाऊ घातलं, पण बाईमाणूस. त्या खोलीत मोजण्यात न धरलेले आम्ही तिघं, मी, चांदसाब आणि तू.

तेव्हा कद्दीश झाली नाही, हनोक. हजानसाहेबांनी पुस्तक मिटलं, आणि त्यानंतर थोड्या वेळाने तिकडून तुझं 'आमेन' आलं. कशाला म्हणालास ते तुलाच ठाऊक. नंतर आम्ही पोहे-नारळाचा मलिदा वाटून खाल्ला. नारळ गोड निघाला होता.

रिवकाला आशीर्वाद, पोरांना पापे.

तुझी,
मिल्काताई

ता. क. फोन उद्याच पार्सलने परत पाठवते आहे. तिथे एखाद्या शहाण्याला दे.

ता. क. २. पुढच्या वर्षीची तिथी अजीजाच्या कॅलेंडरवर लिहून झाली. पुण्याच्या नऊ जणांनी येतो म्हणून शब्द दिलाय. दहाव्याला मी विचारलेलं नाही.

ता. क. ३. फोन पाठवत नाही. आईच्या कपाटात ठेवलाय. न्यायला तूच ये.