अब्बांनी अंगावर घेतलं ते

अब्बा, घरात आपण दखनी बोलायचो, पण हे मी मराठीत लिहितेय. तुम्ही मला घातलंत ती शाळा मराठी होती, आणि पुढं कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवलं तेही मराठीतच. माझी उंची चार फुटांच्या आतच थांबली, हातपाय आखूड राहिले, हे तुम्ही पाहिलंत. ते का झालं हे मला कळायच्या आधीच तुम्ही गेलात.

लोहाऱ्यात तहसिलीजवळ तुमचं सायकलचं दुकान. मी पाच-सहा वर्षांची, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतेय. अम्मी तुमचा डबा घेऊन आलेली. शेजारच्या मावशी माझ्याकडं बघतात आणि अम्मीला म्हणतात, "पोटुशी असताना गिराण पाळलं न्हाईस व्हय गं? विळी हातात घेतली असशील, म्हणून पोर अशी." माझ्या जन्मापासून अम्मी हेच ऐकत आलेली. ती खाली बघते. तुम्ही पान्हा बाजूला ठेवता. "मावशी, तिला काय बोलू नका. आलं असंल तर माझ्याकडनं आलंय." आवाज चढवला नाहीत. पुढंही कुणी विषय काढला की तुम्ही हेच सांगायचात. हळूहळू लोकांनी अम्मीला बोलायचं सोडलं आणि टोमणे तुमच्या वाट्याला आले.

पाचवीत पोरं "बुटकी, बुटकी" म्हणत माझ्या मागं लागली तेव्हा मी शाळाच बंद केली. तुम्ही माझ्यावर रागावलात ते त्या एकदाच. "हसने दे उनकू. तू स्कूल छोडी तो मैं तेरे से बात नै करता." मग एका जुन्या सायकलीची फ्रेम कापून, लहान चाकं बसवून तुम्ही माझ्या मापाची सायकल केलीत. पायडलला लाकडी ठोकळे लावलेत. पहिल्या दिवशी कॅरियर धरून मागं पळालात, धाप लागली तरी शाळेच्या फाटकापर्यंत आलात. मी शिकले ती त्या सायकलीमुळं.

आता ऐका. माणसाच्या पेशीत डीएनएचे दोन धागे असतात, आणि त्यांवर चार रसायनं जोडीनं बसलेली असतात. त्यांना बेस म्हणतात. ग्वानिनसमोर सायटोसिन, अ‍ॅडेनिनसमोर थायमिन. पण हे बेस दगडासारखे पक्के नसतात. एखाद्यातला हायड्रोजनचा अणू क्षणभर जागा बदलतो, आणि नेमकी तेव्हाच नक्कल होत असेल तर जोडी चुकते. सायटोसिनचा तर एक तुकडाच कधी आपोआप गळतो, शरीरातल्या पाण्यानं. मग त्याचं थायमिन होऊ शकतं. पेशी बहुतेक चुका दुरुस्त करते. एखादी राहून जाते, आणि पुढच्या नकलेत ग्वानिनच्या जागी अ‍ॅडेनिन येऊन बसतं. माझ्यासारख्यांच्या हाडांची वाढ थांबते ती एवढ्याशा बदलानं. त्याचा ग्रहणाशी संबंध नाही, विळीशी नाही. आणि आईबाप दोघं उंचीनं नेहमीसारखे असले, तर हा बदल जवळजवळ नेहमी बापाच्या बीजात झालेला असतो. बापाचं वय जास्त असेल तर शक्यता वाढते. मी झाले तेव्हा तुम्ही चाळिशी ओलांडली होती.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अम्मी होती. सुट्टीत गावी जाऊन तिला चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"उनकू मालूम था क्या?"

"नै अम्मी. किसकूच मालूम नै था."

तव्यावरची भाकरी उलटायची ती विसरली. भाकरी करपली. मग म्हणाली, "मालूम नै था, फिर बी बोले." त्या दिवशी ती पोटभर जेवली, आणि संध्याकाळी आपणहून मावशींच्या घरी जाऊन बसली.

तुमच्यामुळं मी अशी झाले आणि तुमच्यामुळंच शिकले. दोन्हीबद्दल माझी तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते बहुतेक खरंही आहे. फक्त एसटीची पहिली पायरी चढताना कुणीतरी न विचारता काखेत हात घालून उचलतं, तेव्हा अजून वाटतं, अब्बा, थोडी उंच असते तर.